मिशनरी, रायगड किनाऱ्यावरील

मिशनरी, रायगड किनाऱ्यावरील : रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याची किनारपट्टी आणि तिच्या दक्षिण सीमेवरील सावित्री नदीच्या मुखाचा परिसर येथे एकोणिसाव्या शतकात धर्मप्रसारासाठी येऊन राहिलेले, बहुतांशी विशी-तिशीतील स्कॉटिश व अमेरिकन प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक. त्यांचे पहिले ठाणे बाणकोट हे सावित्रीच्या दक्षिण तीरावर असल्याने आज रत्नागिरी जिल्ह्यात मोडते. तथापि नदीच्या दोन्ही काठांचे जीवन त्या काळी एकच होते व महाडपर्यंतची वाहतूक याच खाडीतून चाले. उत्तरेकडे रेवदंडा, नागाव, अलिबाग या भागातील शाळांशी अमेरिकन मिशनचा संबंध आला. या तरुणांच्या प्रयत्नांनी किनाऱ्यावरील धर्मांतरितांची संख्या फारशी वाढली नाही. त्यांच्या कार्याचे महत्त्व अन्यत्र, म्हणजे शिक्षण, भाषाभ्यास आणि त्यांच्या स्वतःच्या मनोवृत्तीत झालेला पालट, यांत शोधावे लागते.

या किनाऱ्याला ख्रिस्ती धर्म नवीन नव्हता. चौल-रेवदंडा येथील पोर्तुगीज वसाहतीत सोळाव्या शतकापासून फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन व जेझुइट संघांचे मठ आणि चर्च होते. १७४० मध्ये चौल मराठ्यांकडे आल्यावर ते ओस पडले. कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लई गावी बोलली जाणारी पोर्तुगीज-मराठी मिश्रबोली हा त्या काळाचा जिवंत अवशेष होय. परंतु पोर्तुगीज पाद्री राजसत्तेच्या आश्रयाने आलेले होते. प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची स्थिती याच्या उलट होती. ईस्ट इंडिया कंपनीला व्यापार व राज्य यांत धर्माची कटकट नको होती. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल (१७८४–१८२६) व सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, तेव्हा त्यांना परत पाठविण्याचा हुकूम निघाला होता. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने परवाना घेऊन मिशनऱ्यांना राहण्याची वाट मोकळी झाली आणि हॉल मुंबईतच राहिले. पुढे १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यात पटकीने त्यांचा अंत झाला.

या मंडळींच्या धारणेतील एक कल्पना समजून घेतल्याशिवाय त्यांचे वर्तन कळणार नाही. अठराव्या शतकात ब्रिटन व अमेरिकेत झालेल्या धर्मजागृतीने असे शिकविले की, ख्रिस्ती घराण्यात जन्मल्याने कोणी खरा ख्रिस्ती होत नाही. प्रत्येकाच्या अंतःकरणात पापाची जाणीव, पश्चात्ताप व ईश्वरी कृपेचा अनुभव अशा क्रमाने पालट घडावा लागतो. तो घडला की नाही, हे पाहण्यासाठी तरुण मंडळी दैनंदिनी लिहीत, स्वतःच्या मनाची झडती घेत, मित्रांना पत्रांतून आपली शुष्कता व अहंकार कळवीत. परदेशी जाणे हा या आत्मपरीक्षेचाच एक भाग होता. कोकणच्या माणसाला धर्म म्हणजे कुळ, गाव, पंगत आणि आचार यांचे बंधन वाटे. व्यक्तीच्या मनातील घटनेला धर्माचा पाया मानणे त्याला विचित्र वाटले असल्यास नवल नाही. भाषेचीही अडचण होती. नवा जन्म घेतल्याशिवाय मुक्ती नाही, असे पाद्र्याने सांगावे आणि श्रोत्याने मुक्ती म्हणजेच जन्माच्या फेऱ्यातून सुटका असे समजावे, अशी ही गाठ होती. पाप, कृपा, तारण यांसारखे शब्द दोघांनाही ठाऊक होते, पण प्रत्येकाच्या मनातला त्यांचा अर्थ निराळा होता.

स्कॉटिश मिशनरी सोसायटी (स्थापना १७९६; मूळ नाव एडिंबरो मिशनरी सोसायटी) या संस्थेने पश्चिम भारतात पाठविलेले पहिले मिशनरी डॉनल्ड मिचेल हे होत. पाद्र्याच्या घरात जन्मलेले मिचेल प्रथम कंपनीच्या पायदळात लेफ्टनंट म्हणून भारतात आले होते. येथे असतानाच त्यांच्या मनाने वेगळे वळण घेतले. त्यांनी सैन्यातील अधिकारपद सोडले, स्वदेशी जाऊन धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि ज्या देशात तलवार घेऊन आले होते तेथेच १८२३ च्या प्रारंभी धर्मोपदेशक म्हणून परतले. त्यांना पुण्यास जावयाचे होते. पण पेशवाई बुडून पाचच वर्षे झाली होती आणि पेशव्यांच्या राजधानीत धर्मप्रचाराने असंतोष माजेल, या भीतीने मुंबई सरकारने नकार दिला. एल्फिन्स्टन हे तेव्हा गव्हर्नर होते व त्यांचे सावधपण प्रसिद्धच आहे. म्हणून बाणकोट निवडण्यात आले. हिंमतगड ऊर्फ फोर्ट व्हिक्टोरिया हा तेथील किल्ला १७५६ पासून इंग्रजांकडे असल्याने येथे तरी सरकारला भय वाटत नव्हते. योगायोग असा की, पुणे नाकारलेल्या या माणसाला मिळालेले गाव पेशवाईच्या उगमापाशीच होते. बाणकोटलगतचे वेळास हे नाना फडणीसांचे मूळ गाव आणि खाडीपलीकडे थोड्या अंतरावरील श्रीवर्धन हे भट पेशव्यांचे.

मिचेल यांना वर्षही लाभले नाही. १८२३ सालीच महाबळेश्वरच्या पायथ्याच्या पोलादपूर येथे त्यांचे निधन झाले. महाबळेश्वरचे आरोग्यधाम तेव्हा अस्तित्वात नव्हते. गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दीत ते १८२८ मध्ये वसविले गेले आणि पुढे आजारी मिशनऱ्यांचे ते नेहमीचे विश्रांतिस्थान झाले. पाच वर्षांच्या या अंतराने पहिल्या माणसाचा बळी घेतला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्यांच्यामागून जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड आणि जॉन स्टीव्हन्सन (१७९८–१८५८) हे १८२३-२४ मध्ये आले. बाणकोटच्या जोडीला दक्षिणेस सुवर्णदुर्गासमोरचे हर्णै हे दुसरे ठाणे झाले.

येथील जीवन एकाकी होते. मुंबईहून मचव्याने यावे लागे. ज्येष्ठात समुद्र खवळला की नारळी पौर्णिमेपर्यंत गलबते बंद. मग खुष्कीच्या वाटेने येणाऱ्या डाकेवर भिस्त, आणि पावसात तीही अनियमित. घाटमाथ्याला जाणारी वाट म्हणजे खाडीतून महाड आणि तेथून डोलीने पारघाट. आसपासचा मुलूख एका सत्तेखालीही नव्हता. बाणकोट, रेवदंडा, महाड हा भाग इंग्रजांचा, अलिबागकडचा आंग्र्यांचा (१८४० पर्यंत) आणि मुरूडकडचा जंजिऱ्याच्या सिद्दीचा होता. एका हद्दीतील अधिकाऱ्याची ओळख दुसरीत उपयोगी पडेलच असे नसे. पावसाळ्याचे चार महिने हेच भाषा शिकण्याचे महिने असत. साधने तुटपुंजी होती. विल्यम कॅरी यांचे व्याकरण (१८०५) व कोश (१८१०) आणि व्हॅन्स केनेडी यांचा कोश (१८२४) एवढेच ग्रंथ होते. मोल्सवर्थचा मोठा कोश १८३१ मध्ये आला. तेव्हा खरा आधार शास्त्रीबोवांचाच. ज्या ब्राह्मणाच्या मताचे खंडन करावयाचे, त्याच्याच पुढे पाटी घेऊन बसावे लागे. पाद्र्याच्या मनातील मीपणा मोडण्याचे काम त्याच्या प्रार्थनांपेक्षा या शिकवणीने अधिक केले असावे.

मिशनचे दृश्य कार्य म्हणजे शाळा. सरकारी शाळांचे जाळे अद्याप पसरावयाचे होते. गावातील पंतोजीलाच पगार देऊन मिशन शाळा चालवी. मोडी, बाळबोध व हिशेब यांबरोबर मुंबईहून छापून आलेली ख्रिस्ती धर्माची पुस्तके वाचून घेतली जात. गावकऱ्यांनी यातून आपला मार्ग काढला : मुलगा लिहायला-मोजायला शिकला की काम झाले, धर्माचे पाठ तो तोंडपाठ म्हणे आणि संध्याकाळी घरी परवचा म्हणे. पंतोजी स्वतः स्नानसंध्या करून तेच पाठ घोकून घेत. यात कोणालाच विसंगती वाटत नव्हती, वाटली ती फक्त पाद्र्याला. आपण मने पालटावयास आलो आणि आपल्या पैशाने केवळ कारकून तयार होत आहेत, ही खंत त्या काळच्या मिशनरी लेखनात पुनःपुन्हा आढळते. मुलींसाठी शाळा निघाल्या, तेव्हा मात्र विरोध खरा होता, आणि मिशनचे सर्वांत टिकाऊ कामही कदाचित तेच ठरले.

१८२७ मध्ये आलेले रॉबर्ट नेस्बिट (१८०३–५५) हे या गटातील सर्वांत हळव्या मनाचे. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात टॉमस चामर्स यांच्या प्रभावाखाली सहा विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्याचा निश्चय केला होता. त्यांपैकी जॉन अर्कर्ट हा विशीच्या आतच वारला. अलेक्झांडर डफ व इतर काही कलकत्त्यास गेले. नेस्बिट त्या सर्वांच्या आधी निघून कोकणात आले. त्यांच्या मृत्यूनंतर जेम्स मरी मिचेल यांनी त्यांचे चरित्र लिहिले, त्यात त्यांचा हा आंतरिक झगडा विस्ताराने आला आहे. परदेशी गेल्याने आपण अधिक निर्मळ होऊ, ही अपेक्षा त्यांनी बाळगली होती. प्रत्यक्षात मनाची जुनी मरगळ समुद्र ओलांडून बरोबर आली. या अवस्थेतून त्यांना सावरले ते मराठीने. ते इतके चांगले मराठी बोलू लागले की, युरोपीयांत त्यांच्या तोडीचा मराठी वक्ता नाही, असे समकालीन मानीत. उच्चारातील कोकणी वळणासाठी कान देणारा माणूस हळूहळू समोरच्याचे म्हणणेही ऐकू लागतो. नेस्बिटांच्या बाबतीत तसेच घडले.

जॉन विल्सन (१८०४–७५) हे पत्नी मार्गारेट यांच्यासह १८२९ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले आणि लगेच मराठी शिकण्यासाठी हर्णैकडे रवाना झाले. वय चोवीस. वर्षअखेरीस ते मुंबईला परतले, ते मराठीत व्याख्यान देण्याच्या तयारीनेच. मुंबईचे विल्सन महाविद्यालय, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेतील कार्य, विद्यापीठाचे कुलगुरूपद, हा त्यांचा पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. मार्गारेट यांचे नाव त्या मानाने मागे पडले. त्याही मराठी शिकल्या, मुंबईत त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सहा वर्षांतच, १८३५ च्या एप्रिलमध्ये, त्यांचा अंत झाला. जॉन स्टीव्हन्सन यांनी मराठी व्याकरण (१८३३) लिहिले आणि पुढे सामवेद व जैनांचे कल्पसूत्र यांची इंग्रजी भाषांतरे केली. खंडनासाठी उघडलेला ग्रंथ आवडीने वाचला जाण्याचे हे पहिले उदाहरण. ते शेवटचे नव्हते.

किनाऱ्यावरील ज्या समाजाशी मिशनऱ्यांचा सर्वांत निकट संबंध आला तो बेने इस्राएल समाज होय. नवगावजवळ गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण उत्पन्न झालो, अशी त्यांची परंपरा आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून कुलाब्यात त्यांना ‘शनवारतेली’ म्हणत. मराठी हीच त्यांची घरची भाषा. हिब्रू ग्रंथांशी संबंध जवळजवळ तुटलेला होता. मूर्तिपूजा न करणारे, सुंता व शब्बाथ पाळणारे हे लोक लवकर वळतील, अशी आशा मिशनऱ्यांना वाटणे साहजिक होते. अमेरिकन मिशनने त्यांच्यातील अनेकांना शिक्षक नेमले, जुना करार मराठीत त्यांच्या हाती दिला. विल्सन यांनी तर १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे मराठीतून व्याकरण प्रसिद्ध केले. परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. मोशेचे नियम, सणवार आणि पूर्वजांचा इतिहास आपल्या भाषेत वाचावयास मिळताच बेने इस्राएल अधिक डोळस यहुदी झाले. धर्मांतर केलेल्यांची संख्या नगण्य राहिली. मिशन शाळांतून शिकलेल्या पिढीनेच पुढे समाजाच्या शाळा व संस्था उभारल्या. त्या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मिशनऱ्यांच्या या ऋणाचा उल्लेख कृतज्ञतेने केला आहे. आपल्या प्रयत्नाने माणसे बदलावीत पण हव्या त्या दिशेने बदलू नयेत, असा हा अनुभव होता.

हेतू आणि परिणाम यांतील हे अंतर सर्वत्र इतके निरुपद्रवी राहिले नाही. नेस्बिट मुंबईच्या मिशन विद्यालयात शिकवीत असताना १८४३ च्या सप्टेंबरात नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयीन मुलगा नेस्बिटांच्या घरी येऊन राहिला. वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा मनःपालट खरा मानावयाचा की नाही, हा प्रश्न मिशनऱ्यांच्या दृष्टीने अंतःकरणाचा होता. बापाच्या दृष्टीने तो घर मोडण्याचा होता. सहवासाने विश्वास संपादणाऱ्या शिक्षकाने त्या विश्वासाचा किती उपयोग करावा, याचे भान नेस्बिटांसारख्या सज्जनालाही राहिले नाही, असे म्हणणे भाग आहे. घरी परतलेल्या मुलाला पंगतीत कोण घेणार, हा पेच निराळाच होता. त्यास प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) झटले. त्यावरून ब्राह्मणांत तट पडले आणि बाळशास्त्रींना स्वकीयांचा रोष सोसावा लागला. एका मिशनरी घरातील घटनेने हिंदू समाजातील सुधारणेचा एक प्रश्न पुढे आणला. मिशनला सोडून जाणारा मुलगा हा त्यातील निमित्त, आणि जातीबाहेर गेलेल्याला परतीची वाट असावी की नाही, हा खरा विषय.

आयुष्यभरासाठी येणाऱ्या या मिशनऱ्यांच्या तुलनेत अल्पमुदतीच्या मिशनरी प्रथेचा एक दाखलाही याच काळात पश्चिम भारतात घडला. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेत स्थापिलेल्या, सामान्यतः मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पंथाचे ह्यू फिंडले हे स्कॉटिश धर्मोपदेशक १८५२ च्या सप्टेंबरात मुंबईस आले. पुढील वर्षी याच पंथाचे तेरा अमेरिकन धर्मोपदेशक सॅन फ्रॅन्सिस्कोहून कलकत्त्यास पोहोचले व तेथून निरनिराळ्या प्रांतांत पांगले. पगार नाही, थैली नाही, ज्या गावी जावे तेथील लोकांच्या औदार्यावर राहावे, असा त्यांचा नियम होता. भिक्षेची परंपरा असलेल्या देशात तो चालावा. पण गोऱ्या माणसाने भिक्षा मागणे हे येथील गोऱ्यांना अपमानास्पद वाटे आणि एतद्देशीयांना अनाकलनीय. लष्करी छावण्यांत प्रचाराला मज्जाव झाला. फिंडले यांनी पुण्यात मूठभर अनुयायांची शाखा उभी केली, परंतु १८५५ मध्ये ते परतले आणि थोड्याच काळात इतरही गेले. या पंथात आजही तरुण पुरुष दोन वर्षे व तरुणी दीड वर्ष घरापासून दूर सेवेस पाठविली जातात. २०१२ पासून पुरुषांसाठी किमान वय अठरा आहे. या मुदतीत तरुण स्वतः प्रौढ होऊन येतो, हा या प्रथेचा उघड मानलेला लाभ. बाणकोटच्या स्कॉटिश तरुणांना परतीची तारीख नव्हती. त्यामुळे भाषा शिकण्याला त्यांनी दिलेला वेळ व त्यांच्या मनातील पालटाची खोली या दोन्ही गोष्टी निराळ्या ठरल्या.

या पालटाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एका पिढीनंतरचे, अमेरिकन मराठी मिशनमधील आहे. जस्टिन एडवर्ड्‌स ॲबट (१८५३–१९३२) हे मिशनरी कुटुंबातले. त्यांचे बालपण महाराष्ट्रात गेले. अमेरिकेत शिक्षण पूर्ण करून १८८१ मध्ये ते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मिशनरी म्हणून परतले. १८९० च्या जानेवारीत किनाऱ्याच्या पाठीशी, तेव्हाच्या भोर संस्थानातील सुधागड भागात, त्यांनी नाडसूर (ठाणाळे) येथील बौद्ध लेण्यांचा समूह उजेडात आणला. नेणवली (खडसांबळे) येथील लेण्यांविषयीही त्यांनी लिहिले. धर्मप्रचारासाठी रानवाटा तुडविणाऱ्या पाद्र्याने दुसऱ्याच धर्माची दोन हजार वर्षांची विस्मृत वस्ती शोधून काढावी, ही गोष्ट त्यांच्या पुढील आयुष्याची सूचक होती. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वी धर्मशंकांविषयी त्यांचा ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार झाला होता. टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर अभंग सोडला नाही, उलट ख्रिस्तभक्ती अभंगातच गायिली. ॲबट यांचा प्रवास उलट दिशेने झाला. १९१० मध्ये मिशनची सेवा सोडून ते अमेरिकेत स्थायिक झाले, आणि तेथे महीपतीच्या ग्रंथांची भाषांतरे करीत बसले. १९२६ पासून भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास अशा संतचरित्रांचे इंग्रजी खंड त्यांनी प्रसिद्ध केले. ते छापले गेले पुण्यात, स्कॉटिश मिशन इंडस्ट्रीजच्या छापखान्यात. म्हणजे ज्या शहरात जाण्यास शतकापूर्वी डॉनल्ड मिचेल यांना परवानगी मिळाली नव्हती, तेथील स्कॉटिश मिशनच्याच मुद्रणालयातून तुकोबांचे चरित्र इंग्रजीत बाहेर पडले. महीपतीच्या भक्तविजयाचे भाषांतर नरहर गोडबोले यांच्या सहकार्याने झाले होते. त्याचे खंड निघाले, त्या वेळी ॲबट हयात नव्हते.